आप्पांचा अंगठा आणि गौरीचे हात

गेल्या वर्षी गणपतीत आमच्या घरात १७ माणसं होती. विसर्जन झालं, चाकरमानी गाड्या भरून मुंबईला रवाना झाले, माटवी (गणपतीवर टांगलेली फळापानांची चौकट) उतरवून झाली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पडवीतून आप्पांची हाक आली, "गो बाय, पाय टेकूक गावना नाय." आप्पा म्हणजे माझे सासरे, वय ७८. जाऊन बघते तर उजव्या पायाचा अंगठा पिकलेल्या रातांब्यासारखा, तांबडाजांभळा आणि तुकतुकीत, चादर नुसती घासली तरी कळ मस्तकात जाते म्हणत होते.

आमच्याकडे हे नवीन नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा आप्पांचा गाऊट, म्हणजे युरिक अ‍ॅसिड साठून सांधा सुजण्याचा आजार, माझ्या आधीच इथे राहायला आलेला होता. अख्खा श्रावण आणि गणपती शिवराक, म्हणजे मासळीशिवाय, काढायचा आणि विसर्जन झाल्या झाल्या पेडवे, तिसऱ्या, कोलंबी, वर तोंडी लावायला सुका बांगडा, सगळं दोन दिवसांत वसूल करायचं, मग युरिक अ‍ॅसिड काय करेल बिचारं. (रात्री माडाखाली कोणी बाटली उघडली होती का, यावर आमच्या घराची अधिकृत भूमिका अशी आहे की कोणीच उघडली नव्हती.)

मी नेहमीसारखी दुकानातून कोल्चिसीनची, म्हणजे गाऊटच्या गोळीची, एक स्ट्रिप आणून त्यांच्या हातात दिली आणि कामाला लागले. दुकान म्हणजे मेडिकल. मी बी.फार्म. आहे, मालवण तालुक्यात, १९ वर्षं काउंटरला उभी आहे. हे आधीच सांगते कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की अडाण्यांच्या घरात झालं असेल, तर नाही, फार्मासिस्टच्या घरात झालं आणि स्ट्रिप फार्मासिस्टनेच दिली, चिठ्ठी न बघता, काही न विचारता, कारण काय तर 'आप्पांची नेहमीची गोळी'.

आप्पांना डोस तोंडपाठ. ३० वर्षांपूर्वी तेव्हाच्या डॉक्टरांनी शिकवलेला, आधी दोन, मग दर दोन तासांनी एक, दुखणं थांबेपर्यंत नाहीतर जुलाब लागेपर्यंत. आता ऐकायला कसंतरीच वाटतं, पण तेव्हा खरंच असंच द्यायचे, आमच्या पुस्तकातही तसंच होतं. जुलाब लागले म्हणजे औषध पुरेसं पोचलं, असा हिशेब. पुढे २०१० मध्ये एक मोठी चाचणी छापून आली, त्यात एका तासात एकूण १.८ मिलीग्रॅम घेणाऱ्यांना सहा तासांत ४.८ मिलीग्रॅम घेणाऱ्यांइतकाच आराम पडला आणि जुलाब मात्र कितीतरी कमी झाले. म्हणजे इतकी वर्षं लोकांना विनाकारण संडासात बसवलं. मला हे माहीत होतं. आप्पांना कोणी सांगितलंच नव्हतं, आणि घरात सांगणारी मीच.

मध्यरात्री जुलाब सुरू झाले. पहाटेपर्यंत आठ वेळा. मला वाटलं तिसऱ्या बाधल्या, पावसाळ्यात तिसऱ्या बाधतातच, मी ओआरएस कालवून दिलं, पेज दिली, आणि दुकान उघडायला गेले. दुपारी घरी आले तर आप्पा भिंतीकडे तोंड करून निजलेले, जीभ कोरडी, बोलणं हळू. पांघरूण सारखं करताना पानसुपारीच्या डब्याखाली ती स्ट्रिप दिसली. दहातल्या दोन शिल्लक. आठ गोळ्या, एकेक अर्ध्या मिलीग्रॅमची, म्हणजे दीड दिवसात ४ मिलीग्रॅम. आणि डब्याच्या पलीकडे आणखी एक स्ट्रिप, क्लॅरिथ्रोमायसिन ५००, अँटिबायोटिक.

तिथेच मटकन बसले मी.

झालं होतं असं की मुंबईच्या नातवंडांनी खोकला आणला होता, तो निम्म्या घराला लागला, आप्पा स्वतःच गावातल्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टरांनी विचारलं काय काय औषधं चालू आहेत, आप्पांनी सांगितलं बीपीची एक, बाकी काय नाय. त्यात खोटं काहीच नव्हतं, त्या दिवशी अंगठा दुखत नव्हता ना. चिठ्ठी आमच्याच दुकानात आली, काउंटरवरच्या मुलाने औषध दिलं, आणि तीन दिवसांनी मी त्याच काउंटरमागच्या खणातून दुसरी स्ट्रिप उचलून घरी नेली. दोन्ही औषधं आपापल्या जागी बरोबर होती. एकत्र द्यायची नव्हती, आणि ७८ वर्षांच्या माणसाला तर नाहीच नाही.

आता हे का ते सांगते. कोल्चिसीन शरीराबाहेर पडायला दोन रस्ते आहेत. एक लिव्हर, तिथे सीवायपी ३ए४ नावाचं एन्झाइम त्याची मोडतोड करतं, आणि दुसरा किडनी. शिवाय आतड्याच्या आणि किडनीच्या पेशींमध्ये पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा एक पंप असतो, तो हे औषध धरून धरून बाहेर फेकत असतो, डोणीत शिरलेलं पाणी करवंटीने उपसावं तसा. क्लॅरिथ्रोमायसिन एन्झाइमलाही बसवतं आणि पंपालाही. मग उरली किडनी. तरुण माणसाची किडनी एकटीने थोडंफार निभावून नेईल, म्हाताऱ्या माणसाची काय निभावणार. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये छापलं होतं, ज्या ८८ पेशंटना ही दोन औषधं एकाच वेळी दिली गेली त्यातले ९ गेले. ८८ मध्ये ९. हे मी कॉलेजनंतर कधीतरी वाचलेलं, त्या दुपारी आकडा जसाच्या तसा डोळ्यापुढे आला, आदल्या दिवशी आला असता तर बरं झालं असतं.

आणि जुलाबच आधी का लागतात, तर कोल्चिसीन पेशींचं विभाजन थांबवतं. पेशी दोन भागांत फुटताना आत जे दोरे ताणले जातात ते दोरे ते बनूच देत नाही. ज्या पेशी भराभर नव्या होतात त्यांना फटका आधी, म्हणजे आतड्याचं अस्तर, मग हाडातला मगज, मग केसांची मुळं. हेच औषध शेतीवाले वापरतात, रोपाच्या कोंबाला लावलं की गुणसूत्रं दुप्पट होतात पण पेशी फुटत नाही, आणि अशा दुप्पटवाल्या झाडाचा साध्या झाडाशी संकर करून बिनबियांचं कलिंगड तयार होतं. भात काढल्यावर आमच्याकडे लोक कलिंगड लावतात, त्यांना हे सांगितलं की गंमत वाटते. आप्पांना सांगितलं नाही, त्यांच्या आत त्या वेळी तेच चाललं होतं.

रिक्षात घालून तालुक्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी दोन्ही स्ट्रिप बघितल्या, माझ्याकडे बघितलं, मी कोण ते त्यांना माहीत होतं, काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं. सलाइन लावलं, पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा), रोजच्या रोज रक्तातल्या पेशी मोजायला सुरुवात केली. कोल्चिसीनला सहज मिळेल असा उतारा नाही आणि डायलिसिसनेही ते निघत नाही, शरीर फेकेल तेव्हा फेकेल, आपण फक्त माणसाला तोवर उभं ठेवायचं. आप्पांना मात्र आपल्याला काही मोठं झालंय हे मान्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी जरा तोंडाला ओल आली तशी मला म्हणाले, "गेली तीस वर्षां हीच गोळी खातंय, तेव्हा काय झाला माका?"

त्या प्रश्नाने मला पुढचे चार दिवस झोप येऊ दिली नाही, कारण प्रश्न बरोबर होता. गोळी तीच होती, कंपनी तीच, मिलीग्रॅम तेच.

मग मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून औषधाच्या पिशवीमागे हिशेब मांडला. आप्पांचा मार्च महिन्यातला रिपोर्ट माझ्या मोबाईलमध्ये होता. क्रिएटिनिन १.२. लॅबच्या कागदावर नॉर्मल म्हणजे १.३ पर्यंत, त्यामुळे ठळक अक्षर नाही, चांदणी नाही, काही नाही, मीच तेव्हा 'किडनी मस्त आहे' म्हणून त्यांना पेढा दिला होता. पण क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमधून, आणि म्हातारपणी स्नायूच झडलेले असतात, मग क्रिएटिनिन मुळात तयारच कमी होतं, किडनी अर्धी झाली तरी आकडा सोज्वळ राहतो. किडनी मिनिटाला साधारण किती मिलीलीटर रक्त गाळते हे काढायला एक साधं सूत्र आहे, कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी १९७६ मध्ये दिलेलं, १४० मधून वय वजा करायचं, वजनाने गुणायचं, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागायचं. (बायकांसाठी उत्तराला ०.८५ ने गुणायचं.) आप्पांचं वजन ५२. १४० वजा ७८, ६२. ६२ गुणिले ५२, ३२२४. भागिले ८६.४. आलं ३७.

मग सहज म्हणून चाळिशीतले आप्पा मांडले. त्यांचा एक फोटो आहे, होडीत उभे, दंड बघा नुसते. ६८ किलो धरले, क्रिएटिनिन १. उत्तर आलं ९४.

९४ आणि ३७. बरं, आप्पांना किडनीचा रोग असा काही नाही. चाळिशीनंतर किडनीची गाळणी साधारण वर्षाला एक या हिशेबाने हळूहळू उतरते, बीपी असलं तर जरा जास्त. कुठे दुखत नाही, लघवी व्यवस्थित होते, माणूस सकाळी उठून माडांना पाणी घालतो, आणि आत गाळणी निम्म्याखाली आलेली असते. त्यात रात्रभर जुलाब, शरीरातलं पाणी गेलेलं, दाखल केलं तेव्हाचं क्रिएटिनिन २.१ होतं. त्याचा हिशेब मी मांडलाच नाही.

किडनीचं एकटीचं नाही. लिव्हर वयाबरोबर आकाराने लहान होतं आणि त्यातून वाहणारं रक्तही कमी होतं, तिथली जी पहिली मोडतोड असते ती मंदावते, दुसऱ्या टप्प्याचं काम त्या मानाने बरं चालतं. तरुण पुरुषाच्या अंगात वजनाच्या ६० टक्क्यांच्या आसपास पाणी, म्हातारपणी ते ५० च्या जवळ येतं, चरबीचा वाटा वाढतो. म्हणजे पाण्यात विरघळणारं औषध कमी पाण्यात पडतं, तेवढंच मीठ लहान टोपातल्या कढीत घातल्यासारखं, आणि चरबीत विरघळणारं औषध चरबीत जाऊन बसतं ते लवकर उठत नाही. पोट मात्र, गंमत म्हणजे, बहुतेक गोळ्या जवळपास पूर्वीइतक्याच शोषून घेतं. दार तेवढंच उघडं, मागचं परसदार निम्मं बंद.

आता गोष्ट अशी की कोल्चिसीन ही काही कारखान्यात कल्पनेने काढलेली गोळी नाही. आमच्या मागच्या गडग्यावर पावसाळ्यात कळलावी चढते, तुम्ही कोकणातले असाल तर बघितलीच असेल, पानाच्या टोकाला तणावा, फूल उमलताना हिरवं पिवळं आणि मग पेट घेतल्यासारखं लाल होत जातं, पाकळ्या उलट्या वर वळलेल्या. गौरीच्या पूजेत ही फुलं लागतात, त्यांना गौरीचे हात म्हणतात. आप्पा दर वर्षी स्वतः काढून आणतात, आणि नातवंडांना दर वर्षी तीच तंबी, "हात तोंडात घालू नको, आधी धुवन् ये." कारण कळलावीचा कंद विषारी, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. कणग्या-करांद्यांत चुकून आला तर माणूस जाईल. पूर्वी बाळंतपणात कळा येत नसल्या तर हिचा उपयोग करायचे, म्हणून ती कळ लावणारी, कळलावी. आयुर्वेदात हिला लांगली म्हणतात आणि उपविषात धरतात, शुद्ध केल्याशिवाय वापरायची नाही असं ग्रंथातच आहे.

तर त्या कंदात आणि बियांत जे विष आहे ते कोल्चिसीनच. तामिळनाडूत कळलावीची रीतसर शेती होते, बिया औषधासाठी जातात. युरोपात हेच द्रव्य कोल्चिकम नावाच्या दुसऱ्या एका फुलाच्या कंदात, तिथे १८२० मध्ये पेल्तिए आणि काव्हांतू या दोन फ्रेंच माणसांनी ते वेगळं काढलं, क्विनीन काढणारेही हेच दोघं. युनानीवाले सांध्यांसाठी सुरंजान देतात ते पण कोल्चिकमच. म्हणजे आप्पा ज्या फुलाला हात लावल्यावर हात धुतात त्याचाच अर्क ३० वर्षं गिळत होते, आणि ते ठीकच होतं, मोजून घेतलेलं विष हे औषधच असतं, पण ते माप चाळिशीतल्या आप्पांच्या अंगाचं होतं.

काउंटरवर रोज निदान एकदा तरी ऐकते, 'मॅडम, झाडपाल्याचं द्या काहीतरी, त्याला साइड इफेक्ट नसतो'. पूर्वी नुसती हसायचे. आता हसत नाही, गोष्ट सांगते.

एक गोष्ट डिगॉक्सिनची. शेजारच्या वाडीतल्या एक आजी, ८० च्या पुढच्या, हृदयासाठी वर्षानुवर्षं डिगॉक्सिन आणि पाय सुजतात म्हणून लघवीची गोळी. नातू एकटाच औषध न्यायला येतो. एकदा सहज म्हणाला, आजी जेवतच नाही, मळमळतं म्हणते, आणि काहीतरीच बोलते, सगळं हळद लागल्यासारखं दिसतं म्हणते. मी हातातलं काम टाकलं. डिगॉक्सिन ज्यातून येतं त्या डिजिटालिसच्या झाडाचं औषध जास्त झालं की माणसाला पिवळं-हिरवं दिसतं, हे विल्यम विदरिंग नावाच्या इंग्रज डॉक्टरने १७८५ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय. त्यालाही ते झाड मिळालं कुठून, तर श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीच्या सूज उतरवणाऱ्या काढ्यात, २० एक पाल्यांमध्ये हा एक. डिगॉक्सिन बरंचसं जसंच्या तसं किडनीतून जातं. धडधाकट माणसाच्या रक्तात ते निम्मं व्हायला दीड-दोन दिवस, किडनी बसलेली असेल तर चार दिवसांच्या आसपास. शिवाय ते स्नायूंत जाऊन राहतं, स्नायूच नसतील तर रक्तात फिरतं. आपल्याकडे जुने डॉक्टर आठवड्यातून पाचच दिवस ही गोळी देतात, शनिवार-रविवार सुट्टी, ती याचसाठी. आजींना ती सुट्टी कोणीतरी बंद केलेली, कारण 'डॉक्टरांनी एवढी महत्त्वाची दिलीय आणि मध्येच दोन दिवस का सोडायची'.

आणि खरं कारण तर तिसरंच निघालं. खोकल्यासाठी आजी रोज ज्येष्ठमध चघळत होत्या. दिवसभर, दाढेखाली. ज्येष्ठमध रोज भरपूर पोटात गेलं की रक्तातलं पोटॅशियम उतरतं, लघवीच्या गोळीने ते आधीच उतरलेलं, आणि पोटॅशियम कमी असलं की तेवढंच डिगॉक्सिन हृदयाला जास्त चावतं. तीन गोष्टी, त्यातल्या दोन झाडाच्या, आणि त्यातली एक तर घरात औषध म्हणून कोणी मोजतच नाही. आजी बऱ्या झाल्या. आता त्या ज्येष्ठमधाऐवजी खडीसाखर चघळतात, शुगर वाढेल तेव्हा बघू.

दुसरी एका आजोबांची, दम्यासाठी थिओफायलिनची गोळी. हे द्रव्य पहिल्यांदा सापडलं चहाच्या पानात. म्हातारपणी लिव्हर ते सावकाश मोडतं, हे एक. पण हे आजोबा ५० वर्षं विडी ओढणारे, आणि विडी-सिगरेटच्या धुराने लिव्हरमधलं ते एन्झाइम उलट जोरात चालतं, त्यामुळे त्यांना डोस लागायचाही मोठा. एका आषाढीला माळ घातली आणि विडी सोडली. सगळ्या घराने कौतुक केलं. दोन आठवड्यांत छाती धडधडायला लागली, हात थरथरायला लागले, ओकाऱ्या, घरच्यांना वाटलं विडीची तलफ. तलफ कसली, धूर बंद झाल्यावर एन्झाइम पुन्हा म्हाताऱ्याच्या चालीने चालायला लागलं आणि डोस मात्र विडीवाल्याचाच राहिला. विडी सोडताना डॉक्टरांना सांगून सोडा असं म्हटलं की लोक माझ्याकडे विचित्र बघतात.

मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचं कुळ पण एका शेंगवर्गी झाडाचं, गॅलेगा नावाच्या, ते तर निम्म्या तालुक्याच्या पोटात आहे. ते लिव्हरमध्ये मोडतच नाही, सगळं किडनीतून, म्हणून गाळणी ४५ च्या खाली आली की डोस बघायचा आणि ३० च्या खाली बंद. अफूतून आलेलं मॉर्फिन आणि कोडीन, त्यांचे लिव्हरने बनवलेले तुकडे किडनीत अडकतात आणि तुकडेही तेवढेच झोप आणणारे, शिवाय म्हातारा मेंदू त्याला हळवा, त्यामुळे कोडीनवालं खोकल्याचं सिरप ७५ वर्षांच्या माणसाला 'दोन चमचे घ्या झोपताना' असं सांगून देऊ नये, मी देत नाही. इसबगोल बाकीच्या गोळ्यांबरोबर एकदम घेऊ नका, ते गोळ्यांना आपल्यात गुंडाळून नेतं, दोन तासांचं अंतर ठेवा. आणि सोनामुखी रोज घेऊन पोट साफ करणाऱ्यांनी वरची ज्येष्ठमधाची गोष्ट परत वाचा, जुलाबातूनही पोटॅशियमच जातं.

अरे हो, पपनस राहिलं. माटवीला बांधलेली पपनसं विसर्जनानंतर फोडून घरभर वाटतात, आमच्याकडे मीठ-मिरची लावून. ग्रेपफ्रूटबरोबर काही औषधं घेऊ नयेत हे आता बऱ्याच लोकांना माहीत असतं, पण ग्रेपफ्रूट म्हणजे पपनसाचं आणि संत्र्याचं लेकरू, आणि ते एन्झाइम बसवणारं द्रव्य आईकडूनच आलेलं. तेच एन्झाइम, सीवायपी ३ए४. म्हणजे त्या आठवड्यात आप्पांच्या त्या एन्झाइमला बसवायला क्लॅरिथ्रोमायसिन होतंच आणि वर दुपारच्या पपनसाच्या फोडी. किती फरक पडला असेल देव जाणे, क्लॅरिथ्रोमायसिनपुढे बहुतेक काहीच नाही, पण ताट मात्र मीच वाढलं होतं.

आप्पा नऊ दिवस होते तिथे. चौथ्या-पाचव्या दिवशी पांढऱ्या पेशी उतरल्या, ते दोन दिवस मी कोणाशी नीट बोलले नाही, मग चढल्या. क्रिएटिनिन परत १.३ वर आलं. तिसऱ्या आठवड्यात घरी आल्यावर त्यांची मिशी विरळ झाली, डोक्यावर तसंही काही नव्हतं, मिशीचं मात्र त्यांनी फार मनाला लावून घेतलं. दिवाळीपर्यंत आली.

बीपीच्या गोळीतला लघवीवाला भाग डॉक्टरांनी काढून टाकला, त्याने युरिक अ‍ॅसिड वाढतं, आणि हे पण माझ्या नजरेसमोर चार वर्षं चालू होतं. आता नुसती रामिप्रिल. गाऊट परत आलाच तर कोल्चिसीन किती, कधी, आणि एका वेळेनंतर बंद म्हणजे बंद, हे आप्पांच्या उशाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात कागद लावून लिहिलंय. दुकानात मी साठीच्या पुढच्या प्रत्येकाचं एक पान केलंय, वय, वजन, शेवटचं क्रिएटिनिन, आणि एक रकाना 'घरगुती', त्यात ज्येष्ठमध, सोनामुखी, काढे, शेजाऱ्याने दिलेलं चूर्ण, विडी, सगळं. लोक आधी वैतागले. एका काकांनी विचारलं, तुम्ही मेडिकलवाल्या की जनगणनावाल्या?

बारक्या गोळीचे दोन तुकडे करायला आप्पांना मी प्लॅस्टिकचा कटर आणून दिला. तो पानाच्या डब्यात अडकित्त्याच्या शेजारी पडून आहे, गोळी ते अडकित्त्यानेच कातरतात, अर्धी कुठेतरी उडते, मग आम्ही सगळे ओणवे होऊन शोधतो.

एक फरक मात्र झालाय. हातात कुठलीही गोळी ठेवली की आधी विचारतात, "ही खयच्या झाडाची?" परवा रामिप्रिल दिली तेव्हा पण विचारलंच. म्हटलं, आप्पा, ही झाडाची नाही, ब्राझीलमध्ये एक विषारी साप आहे, त्याच्या विषावरून या जातीची पहिली गोळी काढली होती.

आप्पांनी गोळी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितली.

"म्हणजे ही जनावराची," म्हणाले, आणि तोंडात टाकून वर घोटभर पाणी प्यायले.